पात्रूची विहीर

घोडी विकून सात महिने झाले होते, तरी आलुबुखाऱ्यांची पहिली गाडी भरल्यावर साल्विनानं सवयीनं जिभेनं टकटक केलं, घोडीला चल म्हणताना करतात तसं. पण पुढे घोडी होती कुठे? पुढे दोम्निका होती, तिची सून, दोन्ही दांड्या काखेत धरून उभी.

"आई, टकटक करून मी हलणार नाही," दोम्निका म्हणाली. "मूठभर ओट तरी दाखवा आधी."

"ओट कसले मागतेस, घोडी निदान उलट बोलायची नाही."

आणि दोघी हसल्या, आणि हसता हसताच साल्विनानं मागून गाडीला खांदा लावला, आणि ती भरलेली गाडी चढावर सरकायला लागली. खालच्या सपाटीवर सलग दोन उन्हाळे पाऊस नव्हता, पण वर डोंगरात झरे वाहतच होते, आणि आलुबुखारे असे लगडले होते की फांद्यांना टेकू द्यावे लागले. पीक असं आणि ओढायला बायका दोन. दोम्निकाच्या तळहातांवर फोड आले, फुटले, परत आले. रात्री ती हात ताकात बुडवून बसायची. नवरा लिसांद्रू इटलीत गवंडीकाम करायचा, तो फोनवर म्हणायचा, "विकायची कशाला होती घोडी," आणि दोम्निका म्हणायची, "तूच हो म्हणालास ना."

घोडी विकली ती विहिरीसाठी. म्हणजे काय झालं होतं बघा, पात्रू, साल्विनाचा नवरा, जानेवारीत गेला. शहरात दवाखान्यात, पोट फाडल्यावर. चार दिवस तो पाणी मागत होता आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, थेंबभरसुद्धा नाही, ओला बोळा फक्त ओठांवर फिरवा. साल्विना तेच करत राहिली. चौथ्या दिवशी पात्रूनं तो बोळाच दातांत धरला आणि सोडेना. तिनं बोटं घालून तो ओढून काढला. पहाटे तो गेला.

आता त्यांच्याकडे असं आहे, माणूस तहानलेला गेला की तिकडेही तहानलेलाच राहतो, इकडून कुणीतरी त्याच्या नावानं दुसऱ्याला पाणी पाजेपर्यंत. आणि पाजायचं ते हातानं हातात. घेणाऱ्यानं मेलेल्याचं नाव घेऊन "पोचो त्याला" म्हणायचं, की ते तिकडे पोचतं. पण एक पेला दिला तर एकच पेला. साल्विनाला तो बोळा काही विसरता येत नव्हता. तिला विहीरच द्यायची होती. कुणीही कधीही येऊन पिईल आणि पात्रूला तिकडे कधीच मागावं लागणार नाही, अशी.

पण विहीर द्यायची कुठे? त्यांच्या गावात वळणावळणाला झरा. इथे विहीर देणं म्हणजे मेंढीला लोकर दान करणं.

पाद्रीबाबा येऊन म्हणाले, "देवळाचं छप्पर गळतंय, त्याला दे. पात्रूचं नाव आत भिंतीवर लिहू."

"बाबा, त्याला तहान लागलीय," साल्विना म्हणाली. "छप्पर त्यानं मागितलं नाही."

तिचं ठरलं होतं. घोडी विकायची, पैसे पदराला बांधायचे, बसनं खाली सपाटीवर जायचं, एखादं कोरडं गाव बघायचं, विहीर खणणारे बोलवायचे आणि पाणी लागेपर्यंत तिथेच बसून राहायचं. ठरलं तर ठरलं. पण दोम्निका मधे पडली. तिला पोटातून भीती वाटली, सदुसष्ट वर्षांची बाई, परक्या मुलखात, अंगावर पैसे.

"आई, तुम्हाला तिथे ओळखतं कोण? अर्ध्या रस्त्यात लुटतील. हे बघा," म्हणून तिनं फोन पुढे केला. "ही संस्था आहे शहरात. हेच काम करतात, कोरड्या गावात विहिरी. हे बघा फोटो. केवढ्या लोकांच्या नावानं बांधल्यात."

"आणि मी कुणाच्या हातात देणार?"

"बँकेत."

"बँकेला हात असतात का, पोरी?"

दोम्निकानं संस्थेच्या माणसाला फोन लावला, साल्विनाच्या समोर, मोठ्या आवाजावर. पावती मिळेल का? मिळेल. फोटो मिळेल? मिळेल. विहिरीवर आमच्या माणसाचं नाव लागेल? लागेल, बाई, पितळी पाटीवर, खोदून. इतका गोड बोलत होता तो, पात्रू कसा गेला तेसुद्धा विचारलं त्यानं, आणि "देव त्यांना शांती देवो" म्हणाला. साल्विना त्या आवाजाकडे बघत राहिली, जसं काही माणूसच समोर बसलाय. मग म्हणाली, "तू शिकलेली आहेस, पोरी. तू सांगतेस तसं."

आणि खरंच, मे महिन्यात फोटो आला. पांढरी गोल विहीर, वर निळं लाकडी छप्पर, रहाट, साखळी, पितळेची पाटी आणि पाटीवर पात्रूचं नाव, आणि बाजूला एक वाळका म्हातारा हातात पेला उंच धरून. गावाचं नावही लिहिलेलं, रुगिनेल. दोम्निकानं तो शहरात मोठा करून आणला. साल्विनानं तो देव्हाऱ्यात मरियेच्या तसबिरीशेजारी लावला आणि संध्याकाळी दिवा लावला की त्या म्हाताऱ्याला म्हणायची, "पी बाबा, पोटभर पी." दोम्निका चुलीपाशी उभी राहून हे ऐकायची आणि तिचा ऊर भरून यायचा. तिनं केलेलं एवढं एक काम सासूला कधीच नाकारता आलं नसतं.

ऑक्टोबरात नऊ महिन्यांचं दिवस-कार्य आलं. साल्विना म्हणाली, "इथे नाही करायचं. तिथे करू. त्या विहिरीचं पाणी मी स्वतः काढून पाजणार."

दोन दिवस भट्टी पेटलेली. पीळ घातलेले चोवीस पाव, साखर-अक्रोड घालून शिजवलेले गहू, मेणबत्त्या, प्रत्येक पावाला एक हातपुसणं. आणि एक नवा मातीचा पेला, साल्विनानं बाजारातून घासाघीस न करता घेतलेला. का तर पात्रूच्या पेल्याची घासाघीस करायची नसते. पहाटे दोघी निघाल्या, एक बस, मग दुसरी, मग तिसरी जाणार नाही म्हणाली, तर शेवटचे सहा किलोमीटर पायी. पाठीवर पोती. खाली उतरत गेलं तसा रंगच बदलत गेला. मका कमरेएवढा होऊन जळलेला, सूर्यफुलं मान टाकून काळी, रस्त्यावर घोट्यापर्यंत धूळ. साल्विनाची टाच फुटली होती, तिनं बूट काढून गळ्यात अडकवले.

"आई, बसू या जरा."

"तिथे बसू. विहिरीच्या सावलीत. फोटोत छप्पर चांगलं मोठं आहे."

विहीर गावाच्या तोंडाशीच होती. अगदी फोटोतल्यासारखी. पांढरी, वर निळं छप्पर, रहाट, साखळी, बादली. दोम्निकाला हायसं वाटलं. साल्विनानं पोतं खाली ठेवलं, डोक्याचा रुमाल सारखा केला, आणि पाटीवर हात फिरवला. तिला अक्षर जवळचं दिसत नव्हतं.

"वाच, पोरी."

दोम्निकानं वाचलं. मनातल्या मनात. मग परत वाचलं. पाटीवर होतं, मारिन आणि सोफ्रोनिया यांच्या स्मरणार्थ.

"वाच ना."

"पात्रू," दोम्निका म्हणाली. तिची जीभच तशी वळली, तिनं ठरवलं नव्हतं. "पात्रू यांच्या स्मरणार्थ."

साल्विनाची बोटं अजून पाटीवर होती. ती अक्षरांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकली. मग परत मागे आली.

"त्याचं नाव एवढं लांब नाही, पोरी," ती म्हणाली.

 दोम्निकानं पाटीकडे नीट पाहिलं तेव्हा दिसलं, पाटीच्या चार स्क्रूंच्या भोवती सिमेंटला भोकंच भोकं होती. जुनी, बुजवलेली, परत पाडलेली, उंदरांनी कुरतडल्यासारखी.

 साल्विनानं रहाटाचा दांडा धरला आणि बादली सोडली. साखळी खळखळत गेली. रहाट दोनदा फिरला असेल नसेल, आणि खालून आवाज आला, ठक्.

पाण्याचा नाही. मातीचा.

तिनं बादली वर ओढली आणि परत सोडली. ठक्. परत ओढली, परत सोडली. आता जरा जोरात. ठक्. दोम्निका वाकली आणि तिनं आत पाहिलं. माणूसभरही खोल नव्हतं. सिमेंटचं एक कडं वर, एक जमिनीत, आणि तळाशी सपाट कोरडी माती, थोडं गवत आणि एका लहान पोराची चप्पल. आटलेली नव्हती ती विहीर. ती कधी खणलीच नव्हती.

"आई, थांबा. थांबा ना."

ठक्.

आवाजानं समोरच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. वाळका, गालफडं बसलेली. दोम्निकानं त्याला लगेच ओळखलं. पाच महिने रोज संध्याकाळी तो तिच्या चुलीशेजारी भिंतीवर उभा होता.

"फोटोवाल्या का तुमी?" त्यानं विचारलं. "आज सांगितलं न्हाई कुणी. मी दाढी तरी केली असती."

 म्हाताऱ्यानं पोत्यातून डोकावणारे पाव बघितले, मेणबत्त्या बघितल्या, साल्विनाचा काळा रुमाल बघितला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं.

"देवा," तो हळू म्हणाला. "तुमी कुणाच्या?"

"पात्रूच्या," साल्विना म्हणाली.

म्हाताऱ्याचं नाव तानासे. त्यानं त्यांना अंगणात नेलं, स्टुलं दिली, स्वतः उभा राहिला, आणि सांगत सुटला, कुणी अडवेल या भीतीनं. महिन्यातनं एकदा गाडी येते. दोन माणसं. जुनी पाटी काढतात, नवी लावतात. शहरातून बाटलीचं पाणी आणतात, पेल्यात ओततात, तानासेला उभा करतात. कधी शेजारणीची पोरंपण. फोटो काढतात. एक गोणी पीठ देतात आणि जातात. पहिल्यांदा म्हणाले होते, खणायचं यंत्र पुढच्या आठवड्यात येईल.

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?" दोम्निका म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"काय बोलू, पोरी? पीठ व्हतं ते. आमास्नी वाटलं शहरवाल्यांची काय जाहिरात असंल. पाटीवरचं मला वाचता येतं थोडंच? आन् जुन्या पाट्या ते टाकून जात व्हते." तो थांबला. त्याची नजर अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि चटकन परत आली.

दोम्निका उठली आणि कोपऱ्यात गेली. कोंबड्यांचं खुराडं होतं, कमरेएवढं उंच. छपरावर पत्रे नव्हते. पाट्या होत्या. एकीवर एक, कौलांसारख्या, खिळ्यांनी ठोकलेल्या. पितळही नव्हतं ते, पिवळा रंग दिलेला पत्रा, उन्हानं पापुद्रे सुटलेले. तीसेक असतील. स्मरणार्थ, स्मरणार्थ, स्मरणार्थ. एक तर नुसतंच, आमच्या छोट्या इलिंकेसाठी. वर एक कोंबडी बसली होती. दुसऱ्या ओळीत, कडेला, शिटलेली, पात्रू.

  तिनं विचारलेले प्रश्न आठवत होते तिला, तिन्हीच्या तिन्ही. पावती. फोटो. नाव. आणि इतक्या हुशारीनं विचारताना पाणी लागेल का, हे एकदाही तिच्या तोंडातून निघालं नव्हतं.

मागून साल्विनाचा आवाज आला. रडका नाही, रागाचा नाही. बाजारात भाव विचारावा तसा.

"माझ्या माणसाच्या पाटीला पेला तुम्हीच धरला होता ना?"

"धरला व्हता."

"त्यात पाणी होतं?"

"व्हतं. गार व्हतं. चांगलं पाणी."

"मग प्यायलात?"

तानासेनं हात वर धरून दाखवला. "त्यो म्हणला, वर धर, हलू नको. हात लई वेळ वर धरला, थरथरला. सांडलं निम्मं. ऱ्हायलेलं प्यायलो."

"अर्धा पेला," साल्विना म्हणाली.

"अर्धा."

"आणि 'पोचो' म्हणालात?"

"कुणाला म्हणू, बाई? मला कुठं सांगितलं कुणी, कुणाचं पाणी हाय म्हणून."

साल्विनानं मान हलवली, एकदा, सावकाश. तिचा हात मांडीवर पालथा पडला होता आणि बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती, जसं काही दातांतून काहीतरी ओढून काढतायत. दोम्निकाला ते बघवेना. ती येऊन सासूच्या पायाशी धुळीत बसली.

"आई, मला मारा."

"मारून काय होईल? तुझे हात आधीच सोललेत," साल्विना म्हणाली. "मला बँकेचे हात दिसले नव्हते, पण पैसे मी दिले. तू एकटीनं नाही दिले."

मग ती तानासेकडे वळली. "तुम्ही पाणी कुठून आणता?"

"नदीवरनं. जायला तासभर, यायला त्याहून जास्त. तिथंबी वाळूत खड्डा करावा लागतो. माझ्याच्यानं आता हप्त्यातून दोनदा हुतं, न्हाईतर शेजारीण देती घोटभर."

"कावड आहे?"

"हाय."

साल्विना उठली. गळ्यातले बूट तिनं स्टुलावर ठेवले. दोम्निकाला कळायच्या आत ती भिंतीला टेकलेली कावड उचलत होती, दोन्ही बादल्या अडकवत होती. सदुसष्ट वर्षांची बाई, पहाटेपासून पोटात अन्न नाही, टाच फुटलेली.

"आई, नका. आपण पोलिसात जाऊ. मी आत्ता फोन लावते."

"लाव. पण चालता चालता लाव."

दोम्निकानं कावड तिच्या खांद्यावरून काढून घेतली. भांडावं लागलं नाही. साल्विनानं सोडून दिली आणि नवा पेला उचलून ती पुढे चालायला लागली.

नदी म्हणजे वाळू होती. मधोमध खड्डे खणलेले, त्यांच्या भोवती चार-पाच बायका उकिडव्या बसून वाटीवाटीनं पाणी काढत होत्या. त्यांनी या दोघींकडे बघितलं, काही विचारलं नाही, एक जण सरकली. दोम्निका वाटीनं बादली भरायला लागली. एक वाटी, मग थांबायचं, खालून गढूळ पाणी पाझरेपर्यंत, मग दुसरी. त्या संस्थेचा फोन लागतच नव्हता. आधी नुसता वाजत राहिला, मग बाईचा आवाज यायला लागला की हा क्रमांक अस्तित्वात नाही. दोन बादल्या भरायला तिला एक तास लागला.

येताना कावडीनं खांद्याचं कातडं सोललं. दर शंभर पावलांवर ती दुसऱ्या खांद्यावर घ्यायची आणि प्रत्येक वेळी थोडं पाणी हिंदकळून धुळीत पडायचं आणि प्रत्येक वेळी साल्विना त्या ओल्या डागाकडे बघायची. 

त्या गावात परत आल्या तेव्हा विहिरीपाशी एक मोटार उभी होती.

तिच्याशेजारी एक बाई होती, चाळिशीची, शहरातली, काळे कपडे, आणि दहा-बारा वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात कागदात गुंडाळलेली लांब मेणबत्ती होती. बाई पाटी वाचत होती आणि परत परत फोनमधल्या फोटोकडे बघत होती. तानासे आपल्या दारात उभा होता, चौकटीला धरून, आणि बाहेर यायची त्याची हिंमत होत नव्हती.

बाईनं या दोघींना बघितलं आणि तिचा चेहरा उजळला, कुणीतरी गावातलं भेटलं म्हणून.

"मावशी, जरा सांगता का? इथे दुसरी विहीर कुठे आहे? आमच्या आईच्या नावाची आहे, इथलंच गाव लिहिलंय. हिची आजी. ही म्हणते मेणबत्ती मीच लावणार."

दोम्निका कावडीखाली उभीच राहिली. तिला वाटलं आपण आता खाली बसू आणि उठणारच नाही. मुलगी रहाटापाशी गेली होती. तिनं दांडा धरला होता आणि बादलीकडे बघत होती.

"पोरी, तो सोड," साल्विना म्हणाली. इतक्या शांत आवाजात की मुलीनं लगेच सोडला.

"आई," दोम्निका पुटपुटली, "यांना कोण सांगणार?"

साल्विनानं नवा पेला रुमालाच्या टोकानं पुसला आणि तिच्या हातात दिला.

"आधी पाणी पाज," ती म्हणाली. "लांबून आलेत. मग सांगू."

दोम्निकानं कावड जमिनीवर टेकवली आणि पेला बादलीत बुडवला. तो भरताना गुडगुड असा आवाज झाला, आणि मुलीनं कोरडे ओठ चाटले.